नाकात अडकलेलं कुंकू

मित्रांनो, मी एअरब्रश. जुना आहे, पितळेचा आहे, आणि वरचा चकचकीत मुलामा बोटं लागून लागून उडाला आहे. दिसायला पेनाएवढा, पण मला पेन म्हणू नका, राग येतो. पेन कागदावर घासत चालतं. मी कशालाच शिवत नाही. पाठीवरच्या इवल्या वाटीत थेंबभर रंग घाला, पोटाला कॉम्प्रेसरची नळी जोडा, खटका दाबून हलकेच मागे ओढा. माझ्या पोटात एक लांब सुई आहे. ती केसभर मागे सरते, नाकाचं भोक उघडतं, आणि वारा त्या थेंबाचं धुकं करतो. एका थेंबाचं एवढं धुकं! इतकी वर्षं झाली, तरी माझ्याच नाकातून ते निघताना पाहून मी थक्क होतो.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं फारसं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की नाकाचं भोक पाडताना कारागिराने श्वास रोखून धरला होता.

बडोद्यात मला यशश्रीने आणलं. ती चित्रकला शिकत होती. तिने माझ्याकडून ढग काढून घेतले, मोराची मान काढून घेतली. सगळे "वा वा" म्हणाले, पण तिला. मला कोणी धुतलंसुद्धा नाही. साफ सांगतो, कौतुक झालं की माणसाला हत्यार आठवत नाही. निळा रंग पोटातच सुकला, सुई चिकटली आणि मी बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलो.

तिथून मला उचललं आणि चिकटलेली सुई सोडवली तिच्या काकांनी. जनार्दनकाका नागरवाड्यात राहतात. नोकरीत असताना ते डभोईच्या छोट्या गाडीच्या इंजिनात कोळसा टाकायचे आणि त्यांचे दोस्त लक्ष्मीकांतराव ते इंजिन चालवायचे. आता ती वाफेची इंजिनं गेली. काकांनी त्यातलं एक पत्र्यातून पुन्हा घडवलं, हातभर लांबीचं, अगदी शिट्टीसकट. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, धन्य आहे या माणसाची!

लक्ष्मीकांतराव दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीकडे पुण्याला निघणार होते, कायमचे. त्याआधी इंजिन त्यांच्या हातात द्यायचं होतं. काळ्या रंगाचा शेवटचा हात तेवढा द्यायचा राहिला होता.

तो दिवस खंडेनवमीचा. सुहासिनीकाकूंनी सकाळीच घरातली हत्यारं पाटावर मांडली. पक्कड, कात्री, शिलाई मशीनची सुई, आणि मी. हळदकुंकू झालं, झेंडू वाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माझ्यापुढे हात जोडले होते. मी अगदी भारावून गेलो.

दुपारी काकांनी वाटीत काळा रंग ओतला, खटका ओढला. रंग येईना. उलट वाटीतच बुडबुडे उठले.

"रंग घट्ट झालाय," काका म्हणाले. त्यांनी तो पातळ केला. पुन्हा बुडबुडे.

"अहो, आधण आलं की काय त्याला?" काकूंनी विचारलं.

"तू गप बस गं जरा!"

अहो, माझं नाक तुंबलंय! वारा पुढे जाईना म्हणून मागे वाटीत शिरतोय! मी जीव तोडून ओरडत होतो, पण ऐकतो कोण? काकांनी कॉम्प्रेसरचा जोर वाढवला. मी शिंकलो. इंजिनाच्या तोंडावर, बरोबर मधोमध, लालभडक ठिपका उडाला.

"लाल? मी लाल डबी उघडलीच नाही!"

काकू जवळ आल्या. ठिपका पाहून त्यांचा चेहरा उतरला. "अहो, ते माझं कुंकू आहे. गळून पडू नये म्हणून तेलात कालवून लावलं होतं. याच्या नाकाला."

"नाकाला? नाकाला कोणी लावतं?"

"मग टिळा काय पाठीला लावतात?"

काकांनी रागाने टाचणी उचलली. मित्रांनो, माझी गाळण उडाली. टाचणी घातली की नाकाचं भोक फाकतं. मग जन्मभर नुसते शिंतोडे. काकूंनी त्यांचा हात धरला. "रागात नको. उद्या लक्ष्मीकांतभाऊंना काय द्याल?"

टाचणी खाली गेली. काकांनी सुई मागच्या बाजूने सावकाश ओढून पुसली. नाकाचं टोपण फिरवून काढलं आणि तेवढंच थिनरच्या वाटीत भिजवलं. मला अख्खं बुडवलं असतं, तर आतली रबरी कडी फुगून गेली असती. मग दातांच्या फटी साफ करायचा मऊ ब्रश आतून फिरवून टोपण खिडकीशी धरलं.

"बघ," काका हळूच म्हणाले.

काकूंनी डोळा लावला. कणाएवढ्या भोकातून उजेडाचा गोल ठिपका आरपार आला होता.

मग मी असा चाललो, असा चाललो, की अख्खं इंजिन काळंभोर झालं. तो ठिपका मात्र तेलकट, त्यावर रंग धरेना. पुसायला जावं तर पसरण्याची भीती. काका खट्टू होऊन उठले.

दसऱ्याला लक्ष्मीकांतराव आपट्याची पानं घेऊन आले. "केम छो, जनूभाऊ?" म्हणत बसले, आणि इंजिन दिसताच उठून त्याच्यापाशी गेले. त्यांचं बोट त्या लाल ठिपक्यापाशी थांबलं.

"तुझ्या लक्षात होतं?"

"काय?"

"दसऱ्याला शेडमध्ये आपण कुंकू लावायचो ते. इथेच. बरोबर इथेच रे!"

काका खरं सांगायला तोंड उघडणार, तोच आतून काकू म्हणाल्या, "मग! टिळा काय पाठीला लावतात, भाऊ?"

लक्ष्मीकांतराव हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

तर मित्रांनो, इंजिनाला नाकावर कुंकू शोभतं, मला नाही. ज्याच्या जिवावर तुम्ही काम करता, त्याला वर्षातून एकदा फुलं वाहता आणि बाकीचे दिवस मळका टाकता, ही कसली भक्ती? आधी धुवा, पुसा, मग खुशाल हात जोडा.

यंदाच्या खंडेनवमीला काकूंनी माझ्या शेपटीला कुंकवाचं बोट टेकवलं. मग हलकेच नाकाचं टोपण काढलं आणि खिडकीशी धरून एक डोळा मिटला. उजेड होता. मगच त्यांनी फूल वाहिलं.