खाचेत न बसणाऱ्या प्लेटा

शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्यावर ओरडले, ऑडवारमामा सोडून. तो म्हणाला, जुन्या शेगड्या दुरुस्त करायला माझ्याकडे ये, तुला नजर आहे. बाबा समुद्रात बुडाल्यापासून तोच माझा बाप. बाबांनी माझ्यासाठी ठेवलेली वस्तू एकच: गोठ्यात गंजत पडलेली, खोली तापवायची बिडाची उंच शेगडी.

गंज मीच घासून काढला. दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर अस्वलावर भाला रोखलेला शिकारी वर आला. त्याच्या पायाशी अक्षरं होती, कधीच बंद पडलेल्या कारखान्याची. मी धावत मामाला दाखवलं. त्याने चष्मा चढवून बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, असल्या ढिगाने आहेत आपल्या खोऱ्यात. एक प्लेट तडकलीय, तेवढी नवी ओतून आणतो. आणि सगळे भाग घेऊन एकटाच फाउंड्रीत गेला.

तो परतल्यावर मी शेगडी जोडायला बसले, तर शिकाऱ्याच्या दोन्ही प्लेटा खाचेत खुळखुळत होत्या. वर फट. मामा म्हणाला, फटीत लुकण भर, वरून काळा लेप मार, कुणाच्या बापाला कळणार नाही.

पण मला कळलं. त्यानेच शिकवलं होतं. जुनी प्लेट वाळूत दाबून त्या साच्यात नवी ओतली, की थंड होताना बीड आकसतं. नक्कल जराशी लहानच निघते. तडकली होती एक, लहान निघाल्या दोन. शिकाऱ्याच्या मिशासुद्धा पुसट झालेल्या.

"खऱ्या कुठे आहेत, मामा?"

"शेगडी पेटल्याशी मतलब. चित्र काय चाटायचंय तुला?"

"कुठे आहेत?"

त्याने स्वतःला कॉफी ओतून घेतली. "ऑस्लोच्या एका बाईंना विकल्या. आणि माझ्यावर डोळे वटारू नकोस, सिग्ने. आईला विचार तुझ्या."

आई पावासाठी तपकिरी चीज कापत होती. मी विचारलं तरी तिचा हात थांबला नाही.

"लोखंडच होतं गं ते. ऑडवार म्हणाला, तुला कळणारही नाही."

म्हणजे दोघांनी बसून ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाच्या दुकानात एक म्हातारं जोडपं त्यांची दुरुस्त झालेली शेगडी न्यायला आलं होतं. मामा गोड गोड बोलत होता. मी मोजायची पट्टी त्या आजींच्या हातात दिली आणि म्हटलं, नेण्याआधी प्लेटा खाचेत नीट बसतात का, मोजून बघा.