अर्ध्या पंखाचा पत्रा

मी अर्धा पंख बोलतोय. अर्धा म्हणून हसू नका. माझा दुसरा अर्धा भाग कुणी कापलाच नाही, कारण त्याची गरजच नव्हती.

तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून सपाट केला आणि त्यातून पतंग करणाऱ्या देरामाननं मला कापलं. मलेशियातल्या आमच्या केलांतानात भातकापणी झाली की शेतं मोकळी होतात, वारा सुटतो आणि माणसं वाउ उडवतात. वाउ म्हणजे आमचा पतंग. वर पंख, खाली चंद्रकोर, डोक्यावर वाऱ्यात घुमणारी धनुकली. देरामान कागद मधोमध दुमडायचा, घडीवर माझी सरळ कड टेकवायचा आणि कात्री फिरवायचा. घडी उघडली की डावं-उजवं एकरूप, केसाचाही फरक नाही. माझ्यावरून कापलेले सगळे वाउसुद्धा तसेच, एकावर एक ठेवले तर तंतोतंत बसणारे.

आमच्याकडे वाउ करणारा आपल्याच वितीनं मोजतो. पंख पाच विती, कणा चार, चंद्रकोर तीन. देरामानचा पंजा सुपाएवढा, म्हणून त्याचे वाउ गावात सगळ्यांत मोठे. दोर धरायला दोन गडी लागायचे. मला याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मग देरामानच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. मी भिंतीवरून उतरलो आणि खुराड्याचं दार झालो. कोंबड्यांनी माझा काही मान ठेवला नाही.

पुढच्या वर्षी वारा सुटला तसा देरामानचा जीव थाऱ्यावर राहीना. आभाळात दुसऱ्यांचे वाउ घुमत असायचे आणि त्याच्या ताटातला भात तसाच राहायचा. आता फक्त उजवा हात चालत होता. त्या एका हातानं धरता येईल असा वाउ त्याला एकदा तरी उडवायचा होता.

त्याची मुलगी रोकियाह म्हणाली, मी करते. तिनं मला धुऊन पुसून समोर ठेवलं. बापाच्या वितीएवढी काठी तोडली आणि प्रत्येक मापातून एकेक वीत कमी केली. पंख चार, कणा तीन, चंद्रकोर दोन. सगळीकडून सारखंच छाटलं, मग आकार बिघडेल कसा, असा तिचा हिशोब.

तो वाउ माडाइतकाही चढला नाही. गिरकी घेऊन ढेकळांत नाक खुपसून पडला. शेजारचा पाक सू जुसोह बांधावरून म्हणाला, "रोकियाह, हा वाउ आहे की तर्र झालेलं बदक?"

मी ओसरीला टेकून बघत होतो. चूक मला कळली होती, पण पत्र्याचं ऐकतो कोण? पाचातली एक वीत गेली तर पंखाला फारसं लागत नाही, तिनातली एक गेली की चंद्रकोरीचं कंबरडं मोडतं.

रोकियाह रडकुंडीला आली. वारा आता पडायला आला होता. देरामाननं मोडका वाउ मांडीवर घेतला आणि माझ्याशी ताडून पाहिला.

"पाच, चार, तीन. यातलं काही हलवायचं नाही," तो म्हणाला. "वाकसुद्धा आहे तोच."

"मग लहान कसा होणार, आबा?"

"माझी वीत सोड. तुझी लाव."

आणि त्यानं ती काठी चुलीत सारली.

रोकियाहनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पंजा ताणला. तेच पाच, तेच चार, तेच तीन. कोन आणि वाक माझ्यावरून घेतले. नवा पत्रा माझ्याहून लहान झाला, पण नाकीडोळी हुबेहूब मी. आम्ही एकरूप नाही, समरूप आहोत.

त्या वाउनं पहिल्याच झेपेत वारा धरला. आवाज माझ्या वाउंपेक्षा बारीक होता, पण तसाच घुमत होता. देरामान खुर्चीत बसून दोर धरून होता. त्याला रडू आलं. गाल ओले झाले तरी त्यानं ते पुसले नाहीत, कारण चालता हात एकच होता आणि तो दोरात होता.

आता देरामान नाही. आम्ही दोन पत्रे एकाच खिळ्याला टांगलेले आहोत. रोकियाह धाकट्यालाच खाली घेते, मी मागे धूळ खातो. तेच बरोबर आहे. माझं मागणं एवढंच, की मला पुन्हा खुराड्याला लावू नका. उद्या तिची लेक वाउ करायला बसेल, तेव्हा तिला सांगायला मी इथं हवा, की मापं छाटू नकोस बाई, आपला हात लाव.