बिनआवाजाचा लॅपटॉप

फ्रिज थरथरून सुरू झाला आणि मी श्वास रोखून लेकीकडे, मेरिमकडे पाहिलं. वीज आली होती. ती कूस बदलून पुन्हा झोपली. तिची दुपारची झोप म्हणजे माझं ऑफिस.

टेबलावरच्या चहाच्या वाट्या सरकवून दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले होते. माझा जुना बंद पडला तो पडलाच. धाकटा दीर एर्मेक इथे बिश्केकच्या बाजारात संगणकांच्या गाळ्यावर काम करतो. मालकाच्या हातापाया पडून त्याने दोन्ही एका दिवसापुरते घरी आणले होते. एक गेमिंगचा, जाडजूड, विटेएवढ्या चार्जरचा, कळांखाली लाल-निळे दिवे. दुसरा पातळ, राखाडी, देखणा. वीज गेली तरी दिवस काढणारा.

"वहिनी, विचार कसला करतेस?" कुरुतचा, म्हणजे खारट सुक्या दह्याचा, गोळा गालात धरून एर्मेक कुजबुजला. "तो पातळ म्हणजे नवरदेव. फोटोत छान दिसेल. काम हा याकच करणार."

"आणि याक डुरकला की पोर उठणार."

"मग नवरदेवाशीच लग्न कर."

"माझं झालंय एकदा. तुझ्याच भावाशी."

तो तोंड दाबून हसला. मला हसू फुटलं नाही.

मी एका फर्निचरच्या कारखान्यासाठी स्वयंपाकघरांची चित्रं करते. ओटा, कपाटं, खिडकीतून येणारं ऊन, सगळं खरं वाटावं असं. ते ऊन चित्रात भरायला लॅपटॉपला ताकद लागते. आजचं चित्र संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. नाहीतर काम दुसरीकडे गेलंच म्हणून समजा. आणि काम गेलं तर मला मॉस्कोला जावं लागणार, माझ्या नवऱ्यासारखंच, आक्तानसारखंच, गोदामात खोकी उचलायला. मेरिमला मागे ठेवून.

सासूबाईंना हे ठाऊक होतं. गावाहून, आत-बाशीहून, लोण्याचा डबा आणि मेरिमसाठी लोकरीचे मोजे घेऊन त्या आल्या होत्या, त्या उगाच नाही. पहिलं नातवंड आजीचं, ही आमच्याकडची रीत. आक्तानही असाच आजीकडे वाढला. आजीला तो आई म्हणायचा, आणि जन्म दिलेल्या आईला घरातल्या धाकट्या दिरांचं ऐकून वहिनी. अजूनही वहिनीच म्हणतो.

मी आधी पातळ लॅपटॉपवर चित्र लावलं. तो निमूटपणे कामाला लागला. केवढी शांतता! मी मेरिमच्या पायावर पांघरूण सारखं केलं, चहा केला, आपांना, म्हणजे सासूबाईंना, मानाची म्हणून अर्धीच वाटी भरून दिली, पुन्हा भरून दिली. चित्रात मात्र एक कपाट आणि अर्धी खिडकी.

मग दुसरा लावला. क्षणभर बरा होता. नंतर त्याचा पंखा असा काही घोंगावू लागला की मेरिमच्या पापण्या हलल्या. मी धावत जाऊन तो बंद केला. तेवढ्यात मला सुचलं: बाल्कनी.

कोट चढवला, वायर खिडकीच्या वरच्या झडपेतून ओढून घेतली आणि बाल्कनीचं दार गच्च लावून घेतलं. काचांवर बर्फाची नक्षी होती. बोटं आखडत होती, पण लॅपटॉप खूश होता, थंडीत आणखी जोरात धावत होता. बघता बघता ओट्यावर ऊन पसरलं, फळ्यांच्या रेषा उमटल्या. मी भरभर एकेक कोपरा सुधारत गेले. चित्र पाठवलं. लगेच उत्तर आलं: "सुरेख! पुढची तीन घरंही तुम्हीच करा."

मी आनंदाने वळले, तर काचेपलीकडे मेरिम आपांच्या खांद्यावर होती. चेहरा लालबुंद, हुंदक्यांनी अंग हलत होतं. काचेवर खाली, तिच्या उंचीवर, तळव्यांचे ओले ठसे होते.

दार उघडून मी आत झेपावले. "काय झालं? केव्हा उठली?"

"मी नमाजला बसले होते," आपा म्हणाल्या. "अर्ध्यावर उठले. किती वेळ दार बडवत होती कोण जाणे. तुझी पाठ होती तिच्याकडे."

मी हात पुढे केले. मेरिमने तोंड आपांच्या मानेत खुपसलं.

पाव आणायला खाली गेलेला एर्मेक गरम पाव घेऊन आला आणि आमचे चेहरे बघून दारातच थबकला.

"हा परत ने," मी म्हणाले. "मला पातळ हवा."

"वहिनी, वेड लागलंय का? त्याच्यावर हे काम व्हायचं नाही. महिन्याभरात तुला काढून टाकतील."

"छोटी चित्रं करीन. रात्रभर लावून ठेवीन. तो आवाज तरी करत नाही."

"जाडाच ठेव, पोरी," आपा हळूच म्हणाल्या. "पोर माझ्याकडे येऊ दे. मग खुशाल वाजू दे पंखा. तुझंही काम टिकेल."

"नाही, आपा."

"रीत आहे."

"माहीत आहे मला. तुम्हीही दिलात ना? कसा दिलात?"

आपा पावाचा तुकडा मोडता मोडता थांबल्या. मेरिमच्या केसांवरून त्यांनी हात फिरवला.

"आक्तानला नेलं," त्या म्हणाल्या, "तेव्हा माझ्यासमोर कोणी दोन वस्तू मांडून यातली एक निवड म्हणालं नव्हतं."

एर्मेकने जाडा लॅपटॉप खोक्यात घातला. चार्जर काही केल्या मावेना, तो वेगळ्या पिशवीत घेतला. पातळ टेबलावर राहिला, मिटलेला. पुढची तीन घरं त्यावर कशी व्हायची, मला कळत नव्हतं.

आपांच्या मांडीवरून मेरिम घसरत माझ्याकडे आली. रडून रडून आवाज बसला होता. तिने माझ्या कोटाचं बटण पकडलं.

"आई, आपा म्हणते तिच्या गावी कोकरू आहे. माझ्या अंथरुणाजवळच झोपणार ते."

"हो का?"

"हो. मग तू कुठे झोपणार?"