नात्सुकोच्या आत्याचं हसणं

बिघडलेली वस्तू गौरांगकडे गेली की दुरुस्त होऊनच परत येते, अशी त्याची जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या वसतिगृहात ख्याती होती. त्याचा प्रबंध ध्वनिसंकेतांवर होता. गोंगाटातून हवं तेवढं वेगळं काढायचं, हेच त्याचं शिक्षण. म्हणून शेजारच्या खोलीतल्या नात्सुकोने आपली ध्वनिमुद्रणाची मिनीडिस्क त्याच्याच हातात दिली.

नात्सुको एक अल्बम करत होती. तिच्या जपानमधल्या गावची भातलावणीची गाणी आणि त्यांच्याभोवती कॉम्प्युटरवर घडवलेले चित्रविचित्र सूर. गाणी म्हणणारी तिची आत्या. भावाने गावी जाऊन ती डिस्कवर घेतली होती. डिस्क पोस्टाने जर्मनीत पोचली आणि पाठोपाठ आत्या गेल्याचा फोन आला.

"मला अजून ऐकायचा धीर होत नाही," नात्सुको म्हणाली. "तू फक्त कॉम्प्युटरवर उतरवून ठेव."

त्यातलं 'फक्त' गौरांगने मनावर घेतलं नाही. डिस्क चालू करून तो मेन्झात, विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायला गेला. परत आला तेव्हा पडद्यावर आलेख उमटला होता. गाणी म्हणजे सलग डोंगररांगा, आणि मधल्या पठारावर तुरळक काटेरी झुडपं. झुडपं म्हणजे कचरा. त्याने तो छाटला, मागची खरखर दाबली आणि नात्सुकोला सगळं नीटनेटकं मिळावं म्हणून ही साफ गाणी त्याच डिस्कवर परत भरली. प्रबंधाला जागा हवी होती, तेव्हा कॉम्प्युटरवरचं मूळही पुसून टाकलं.

सामायिक स्वयंपाकघरात मजल्यावरची पुण्याची ऋचा कांदा चिरत होती. तिला त्याने कचरा छाटल्याचं मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"न विचारता दुसऱ्याच्या साडीला इस्त्री केलीस होय रे?"

"सुरकुत्या कुणाला हव्या असतात?"

"शहाण्या, रेशीम असलं तर जळतं."

रविवारी नात्सुकोने धीर केला. तिच्या खोलीत दोघं ऐकायला बसले. पहिलं गाणं संपलं आणि लगेच दुसरं लागलं. तिने चमकून स्पीकरकडे पाहिलं.

"मध्ये काहीच नाही?"

"तो गाण्याचा भाग नव्हता. काढला मी."

"आत्या कधीच एका दमात गायची नाही. सुरुवात चुकायची, स्वतःवरच रागवायची, मग हसायची. मला तेच हवं होतं, गौरांग. गाणी काय, गावात सगळ्यांनाच येतात. मूळ आहे ना तुझ्याकडे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता स्पीकर बंद केला आणि एकदम म्हणाली, "पण तू ऐकलंस ना? ते ऐकणारे तू आणि माझा भाऊ, दोघंच. आणि भाऊ म्हणतो, तो बटण दाबून अंगणात गेला होता. म्हणजे तू एकटाच. हसली का रे ती?"

आत्या बोलत होती तेव्हा गौरांग मेन्झात उकडलेले बटाटे खात होता. तिचा आवाज त्याने डोळ्यांनी पाहिला होता, कानांनी नाही. एवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"हो," तो म्हणाला. "हसल्या होत्या."

"कशी?"

आता माघार नव्हती. त्याला सांगलीची शोभनामावशी आठवली. आधी नाकातल्या नाकात दाबलेलं, मग उचकी लागल्यासारखं फुटणारं, शेवटी दम लागून विरणारं हसू. तो तसा हसला. नात्सुकोने डोळे मिटले.

"गेनाऊ," ती पुटपुटली. "अगदी अशीच." आणि उठून तिने मायक्रोफोन आणला.

पुढच्या वर्षी हॅम्बर्गच्या एका छोट्या कंपनीने अल्बम काढला. मजल्यावरची मंडळी स्वयंपाकघरात जमून ऐकत होती. शेवटच्या गाण्याआधी सगळे सूर थांबले आणि एक म्हातारी हसली. कॉम्प्युटरने गौरांगचा आवाज बाईचा केला होता, पण उचकी मावशीचीच होती.

"कसलं गोड हसतेय रे!" ऋचा म्हणाली. "आणि म्हणे कचरा!"

गौरांगला तिथे बसवेना. आज सांगून टाकायचंच, असं ठरवून तो नात्सुकोच्या दारापर्यंत गेला. दार उघडंच होतं. ती फोनवर होती, डोळे पुसत होती आणि हसतही होती.

"बाबा आहेत," ती म्हणाली. "अल्बम पोचला त्यांना. म्हणतात, बहीण शेजारच्या खोलीत बसलीय असं वाटलं. घरात सगळ्यांना बोलावून ऐकवतायत. ते हसू तू वाचवलंस म्हणून त्यांना तुझे आभार मानायचेत."

तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडून एक थरथरता आवाज बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. या वेळी गौरांगने एकेक शब्द कान देऊन ऐकला. कळला एकही नाही. म्हातारे थांबले आणि उत्तराची वाट पाहू लागले. नात्सुको कौतुकाने त्याच्याकडे बघत होती. त्याला जपानीतला एकच शब्द येत होता, धन्यवादाचा. तोच म्हणून त्याने फोन तिला परत दिला.