हैशाची जागा

आमच्या बाबांचा आवाज एका जर्मन मेटल बँडच्या सीडीवर आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग खरंच का म्हणून विचारतात. खरंच आहे. सातवं गाणं, पहिली दोन मिनिटं. आणि ते मी बिघडवलंय, हेही तितकंच खरं.

२००६ च्या उन्हाळ्यात बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर न्युरेम्बर्गला आले. सुखदेव, रेल्वेच्या रुळांची देखभाल करणारे गँगमन, मनमाड सेक्शन, निवृत्त. आई गेल्यापासून घर खायला उठतं म्हणायचे, म्हणून माझ्या बायकोनेच, रोहिणीने, हट्टाने तिकीट काढलं. आल्या आल्या त्यांनी आमच्या बाल्कनीतून दिसणारा एस-बानचा, म्हणजे इथल्या लोकलचा, रूळ पाहिला, "खडी चांगली भरलीय" म्हणाले, आणि त्यानंतर आठ दिवस त्यांना बोलायला विषय उरला नाही. आमची सात वर्षांची मुलगी कीर्ती त्यांना जर्मनमध्ये उत्तरं द्यायची आणि ते "बरं, बरं" म्हणायचे.

माझ्या ऑफिसातला तोर्स्टन सोमवार ते शुक्रवार माझ्यासारखाच इंजिनियर आणि शनिवारी गिटारवाला. त्याच्या बँडचा नवा अल्बम अमेरिकन लोकगीतांवर होता. लाकूडतोडे, खाणकामगार, रूळ सरकवणारे काळे मजूर, या सगळ्यांची गाणी घ्यायची, फिडल आणि बॅंजो तसेच ठेवायचे आणि वर ड्रम्सचा गडगडाट. त्याने मला जुन्या रेकॉर्डिंगची एक सीडी दिली होती. एका रविवारी मी ती लावली, हळू आवाजात, कारण रविवारी आमच्या बिल्डिंगमध्ये कुकरची शिट्टीसुद्धा लोकांना खपत नाही.

बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्यांना इंग्रजीचं अक्षरही कळत नव्हतं.

"रूळ सरकवतायत," ते म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐक ना. ओळ संपली की सांगणारा श्वास ओढतो. त्या श्वासावर सगळ्यांनी पहारी दाबायच्या, आन् हैशा. श्वास नाही ऐकला तर एक पुढं, एक मागं, रूळ जागचा हलत नाही." त्यांनी बोट वर केलं. "हा बघ, आत्ता सरकला."

मनमाडला त्यांच्या गँगमध्ये सांगणारे तेच होते. हे मी तोर्स्टनला सोमवारी सांगितलं, आणि तो कॉफी तशीच ठेवून उठला. "आल्झो, मग तर शनिवारी त्यांना घेऊन ये," म्हणाला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मी जन्मात कधी हैशा म्हटलं नव्हतं. बारा वर्षांचा असताना डबा द्यायला गेलो आणि गंमत म्हणून पहारीला हात लावला, तर बाबांनी सगळ्या गँगसमोर तो झटकला. "हा हात पेनाचा आहे. पुन्हा पहारीला लागला तर तोडीन." मग मी शिकलो. इतका शिकलो की फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे ‘रेल्वे सेवा’ एवढंच लिहायचो. त्यांनी मला रुळापासून लांब ठेवलं, आणि मी आणखी चार पावलं लांब गेलो.

स्टुडिओ म्हणजे एका बेकरीखालचं तळघर. बाबा काचेपलीकडे उभे राहिले. पाय फाकवून, माइकचा स्टँड दोन्ही हातांनी पहारीसारखा धरून.

"रूळ म्हणतो, हलणार न्हाई..."

त्यांनी श्वास ओढला आणि थांबले. काचेतून माझ्याकडे पाहत राहिले. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच ‘पुढे’ म्हणून खुणावलं.

"मुकादमाला कळणार न्हाई..."

पुन्हा श्वास. पुन्हा माझ्याकडे पाहणं. अशा अठरा ओळी झाल्या. मध्ये बोलायचं नाही असं तोर्स्टनने बजावलं होतं, हे खरं. पण पूर्ण खरं नाही. त्या चार गोऱ्या लोकांसमोर हैशा म्हणून ओरडायची मला लाज वाटली. सांगून टाकतो, लाज वाटली.

बाबा परत गेले. तोर्स्टन बॅंजोच्या रेकॉर्डिंगमध्ये अडकला होता, म्हणून बाबांच्या आवाजाची साफसफाई मी मागून घेतली. फाईल माझ्या लॅपटॉपवर आली. ओळीनंतर सहा-सात सेकंद रिकामी जागा, तीत धाप, खोकला. मला ती नासाडी वाटली. प्रत्येक श्वास शोधून कापला आणि ओळीला ओळ जोडली. गाणं कसं झरझर पळायला लागलं. मूळ फाईल पुसून टाकली, कारण लॅपटॉप भरत आला होता.

२००७ मध्ये सीडी निघाली. मनमाडला पाठवली. पंधरा दिवसांनी बाबांचा फोन.

"ऐकलं. मोठं वाजवतात रे. चांगलं आहे." आणि मग, "पण उज्ज्वल, माणसांनी जोर कधी लावायचा?"

मी हसलो. "बाबा, तिथे रूळ कुठे आहे?"

"हां," ते म्हणाले. "तेही खरं."

पुढच्या फेब्रुवारीत ते गेले. मी पोचलो तो जलदान विधीला. बुद्धवंदना झाली, आणि त्यांच्या गँगमधले राजाभाऊ म्हणाले, सुखदेवचा आवाज लाव. पाच-सहा म्हातारे सतरंजीवर सरसावून बसले. पहिली ओळ संपली आणि त्यांनी हैशा म्हणायला तोंड उघडलं, तर बाबा दुसऱ्या ओळीवर पोचलेसुद्धा. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मग राजाभाऊंनी ताल धरायला मांडीवर ठेवलेले हात काढून घेतले आणि सगळे शेवटपर्यंत नुसतं ऐकत राहिले. कोणी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

परत आल्यावर मी तोर्स्टनकडे मूळ रेकॉर्डिंग मागितलं. त्याच्याकडचं त्याने कधीच पुसलं होतं, माझ्याकडे आहे म्हणून. मी सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "ओळींमध्ये जागा परत टाकू. उत्तर तू दे."

त्या शनिवारी बाबा उभे होते तिथेच मी उभा राहिलो. कानात बाबा म्हणाले, रूळ म्हणतो, हलणार न्हाई. मग जागा आली. सहा सेकंद. तीत काहीच नव्हतं, साधी खरखरसुद्धा नाही.

"हैशा," मी म्हणालो.

"लवकर झालं," तोर्स्टन काचेपलीकडून म्हणाला. "पुन्हा."

पुढच्या वेळी उशीर झाला. मग पुन्हा लवकर. मेट्रोनोम लावून पाहिला, तोर्स्टनने हात हलवून इशारे केले. तो वैतागला नाही, पण शेवटी त्याने विचारलं, "तुमच्याकडे हे कशावरून ओळखतात? कधी म्हणायचं ते?"

"श्वासावरून," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि पुन्हा पहिली ओळ लावली. मी दोन्ही हातांनी स्टँड घट्ट धरला आणि कान देऊन बाबांच्या श्वासाची वाट पाहू लागलो.