न बदललेले हातमोजे

विहिरीच्या कठड्यावर ‘पाणी वापरू नये’ अशी नोटीस चिकटवून तो वळला, तर मागे रोपवाटिकेच्या मालकीणबाई बादली घेऊन उभ्या.

“भाऊ, ह्याच पाण्यावर तीस वर्षं रोपं वाढवली मी. आता एकाएकी त्यात पेट्रोल आलं कुठून?”

“शेजारच्या बंद पेट्रोल पंपाची टाकी गळली असेल, ताई. रिपोर्टच तसा आलाय.”

“मग काय, नळावरून बादल्या वाहू? ह्या गुडघ्यांनी? त्यापेक्षा रोपवाटिका बंदच करते.”

तो गाडीकडे निघाला. जमिनीखालच्या पाण्याचे नमुने घेण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. ऑफिसात त्याला ‘काटेकोर’ म्हणत, तेही तोंडावर. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, प्रत्येक बाटलीला हातमोजे नवे. कुणी विसरलं तर त्याची खैर नसे.

गाडीचं मागचं दार उघडलं आणि जनरेटरच्या पेट्रोलचा वास नाकात शिरला. त्या दिवशी इथे नमुना घेताना जनरेटर मध्येच बंद पडला होता. त्याने त्यात पेट्रोल ओतलं, उपसा पुन्हा सुरू केला, बाटली भरली. आणि हातमोजे? आठवून आठवून पाहिलं. बदललेच नव्हते.

निवृत्तीला दोन महिने उरले होते. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. तासभर तो गाडीतच बसून राहिला, मग सरळ ऑफिसात गेला.

“मॅडम, पेट्रोल विहिरीत नसेलही. माझ्या हातांवर होतं.”

मॅडम त्याच्याच हाताखाली शिकलेल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“काका, हे लेखी द्यावं लागेल. फाइलमध्ये कायमचं राहील.”

“द्या कागद.”

दुसऱ्या दिवशी विहिरीचे आणि पंपाकडच्या दोन बोअरचे नव्याने नमुने घेतले. जनरेटर लांब ठेवला आणि त्याला हात लावला तो ड्रायव्हरने. पुढचे आठ दिवस घास घशाखाली उतरेना. “दाढ दुखतेय का?” बायकोने विचारलं. तो हो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच, आपलंच चुकलेलं असावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

रिपोर्ट आला. पेट्रोल आढळले नाही. पंप आणि विहीर यांच्या मधल्या दोन्ही बोअरचं पाणीही स्वच्छ. त्याने कागद तीनदा वाचला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

नोटीस काढायला तो स्वतः गेला.

“मग चूक कुणाची होती?” बाईंनी विचारलं.

‘लॅबची’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता.

“माझी, ताई. माझ्या हातमोज्यांना पेट्रोल लागलं होतं.”

बाईंनी मोटर चालू केली आणि पाइप त्याच्या हातात दिला.

“धरा. दहा दिवस तहानलीत बिचारी. मुळाशी घाला, पानांवर नको.”

इस्त्रीच्या कपड्यांत, चिखलात उभा राहून तो रोपांना पाणी घालू लागला. एक ओळ संपली की बाई बोटाने पुढची दाखवत, आणि तो मुकाट्याने तिकडे वळे.