दोन सीटची गाडी

वहिनींच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक हमखास त्यांच्या दिराकडे जायचं. दीर वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचा, "मी नुसता जोडतो. डोकं तिकडे आहे," आणि एखाद्या गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पायांकडे बोट दाखवायचा. मग वहिनी बाहेर यायच्या, हात पुसायच्या आणि गिऱ्हाइकाचा ओशाळलेला चेहरा सावकाश बघून घ्यायच्या. दरवेळी डोक्यात तिडीक जायची, आणि दरवेळी थोडी मजाही वाटायची.

डॉक्टर मात्र थेट वहिनींपुढेच येऊन उभे राहिले होते. दातांचे डॉक्टर, आता निवृत्त. देह दांडगा आणि बोलणं देहापेक्षा दांडगं. "नाव ऐकून आलोय तुमचं. जुनी स्पोर्ट्स कार आहे, दोन सीटची, उघड्या टपाची. इंजिन दमलंय, आणि क्लच दाबायला हत्तीचा पाय लागतो. रूप तेच ठेवा, आतलं सगळं बदला." माणूस वहिनींना तिथल्या तिथे आवडला.

आणि वहिनींनी सगळं बदललं. जुनं लोखंडी इंजिन साखळीला टांगून बाहेर काढलं आणि त्या जागी एका अलीकडच्या गाडीचं हलकं, तरतरीत इंजिन बसवलं. नवा गिअरबॉक्स जुन्या जागेत मावेना, तेव्हा दिरानं मधला पत्रा कापून रुंद केला. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा दांडा आखूड करून पुन्हा असा जोडला, की जोड शोधून दाखवा म्हणावं. बैलगाडीसारख्या मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा गेल्या आणि चारी चाकांना गुंडाळी स्प्रिंगा आल्या, चकती फिरवून वरखाली करता येणाऱ्या. क्लच इतका मऊ झाला की दीर म्हणाला, "वहिनी, हा तर फुंकरीनं दबेल."

शेवटचं काम तोलाचं. इतक्या हलक्या गाडीत प्रत्येक चाकावर किती भार येतो ते जुळवावं लागतं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, चालवणाऱ्याच्या सीटवर त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या रचायच्या आणि चकत्या फिरवत बसायचं. वहिनींनी डॉक्टरांना वजन विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं. वहिनींनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि एक पिशवी जास्तीची ठेवली.

डॉक्टरांच्या पत्नीही कधीकधी बरोबर यायच्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या. वहिनी त्यांना काकू म्हणायच्या, पंख्याखालची खुर्ची द्यायच्या, आणि परत डॉक्टरांशी गिअरबॉक्सबद्दल बोलायला लागायच्या.

गाडी न्यायच्या दिवशी वहिनींनी किल्ली पुढे केली. ती काकूंनी घेतली. सीट पार पुढच्या खाचेपर्यंत ओढली आणि एकट्याच निघून गेल्या. वहिनींना जरा नवल वाटलं, पण म्हटलं, हौस असेल.

"तिचीच गाडी ती," डॉक्टर म्हणाले. "लग्नाआधीची. गुडघे गेले आणि क्लच दाबेना, तेव्हापासून झाकून ठेवलेली. आज जमलं तर ठेवणार, नाहीतर भाच्याला देऊन टाकणार म्हणते. देवाशपथ सांगतो, ती जायला नकोय मला."

काकू परत आल्या त्या उतरलेल्या चेहऱ्यानं. "ब्रेक जोरात दाबला की पलीकडच्या अंगाला ओढते. मला सावरली नाही."

"शक्यच नाही," वहिनी म्हणाल्या. आपल्या हातच्या कामावर त्यांचा तेवढा भरवसा होता. त्या स्वतः बसल्या, समोरच्या सरळ रस्त्यावर गाडी पळवली आणि करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी, नाकासमोर थांबली.

"मग हातच गेला माझा," काकू शांतपणे म्हणाल्या. "भाच्याला कळवून टाका."

"थांबा हो काकू! डॉक्टर, तुम्ही चालवून बघा एकदा."

"मी?" डॉक्टर दचकले. "मला कुठे येते गाडी चालवायला! माझ्याकडे परवानासुद्धा नाही."

दीर पाना हातात घेऊन तसाच उभा राहिला. वहिनींची नजर कोपऱ्यातल्या वाळूच्या पिशव्यांवर गेली, तिथून डॉक्टरांच्या पोटावर आणि मग स्वतःच्या, त्याच मापाच्या देहावर. त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. इतके महिने ही बाई पंख्याखाली बसून होती, आणि गाडी कोण चालवणार हे आपण तिला एकदाही विचारलं नाही. लोक आत येऊन दिराला नमस्कार करतात, त्यात आणि यात काय फरक? मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

पण गप्प बसणं हा वहिनींचा स्वभाव नव्हे. "काकू, हात तुमचा नाही गेला, डोकं माझं गेलं. गाडी मी यांच्या वजनावर तोलली. तुम्ही बसलात की तुमच्या बाजूचा भार कमी पडतो, म्हणून ती पलीकडे ओढते. चूक माझी, सोळा आणे माझी. घ्या रे गाडी काट्यावर!"

"माझं वजन..." काकूंनी डॉक्टरांकडे पाहून आवाज खाली आणला.

"सांगू नका. बसा नुसत्या. काट्याला कळेल." वहिनींनी बाह्या सरसावल्या. आता त्यांना जोर चढला होता. "आणि बाजूला कोण बसणार, तेही आत्ताच सांगा. तोल त्यावर ठरतो."

डॉक्टर कोट काढून पुढे झालेच होते. एक पाय दाराशी.

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या एकटीचं लावा."

डॉक्टरांना लागलं. लपवायची कला त्यांच्याकडे नव्हतीच. कोट पोटाशी धरून ते पंख्याखालच्या खुर्चीत जाऊन बसले. वहिनी चाकाशी वाकल्या. दीर काट्यावरचे आकडे ओरडून सांगत होता, वहिनी चकत्या फिरवत होत्या, आणि काकू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसल्या होत्या, फोटो काढायला बसावं तशा. चारी काटे जुळले तेव्हा वहिनींनी बॉनेटवर थाप मारली. "जा आता. आणि ब्रेक दया न दाखवता मारा."

काकूंनी गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत नेली, वळवली आणि सुसाट परत आणली. गॅरेजसमोर त्यांनी ब्रेक असा दाबला की दिरानं डोळेच मिटले. चाकं किंचाळली. गाडी रेषेत थांबली.

"ठेवतेय मी ही," काकू वहिनींना म्हणाल्या. केस सगळे विस्कटले होते आणि त्या हसत होत्या. मग त्यांनी वाकून पलीकडचं दार आतून उघडलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, चला."

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "पण मी बसलो तर तोल जाईल ना तिचा? ओढेल ती."

"ओढेल थोडी," काकू म्हणाल्या. "तेवढं मी सांभाळीन."